श्वास म्हणजे शब्द नव्हे

८ जानेवारी, सोमवार

कान अजून वाजतोय. दिवसभर हेडफोनमध्ये टिक्. टिक् झालं की एका मुलाकडे बघायचं, ते काय करतंय त्याची खूण करायची. पुढच्या टिक्‌ला पुढचं मूल. ऐकतंय, ऐकत नाही, त्रास देतंय — तीनच गोष्टी. मुलं याशिवाय काहीच करत नाहीत असं विद्यापीठाचं मत. एक पोरगी आज पूर्ण तासभर पेन्सिलीच्या सालपटांचं फूल करत बसली होती. त्याला खूण नाही.

विद्यापीठातल्या प्राध्यापक हेडविगने मला या कामावर घेतलं तेव्हा विचारलं, शिकलीस काय? खरं ते सांगितलं. शाळा अर्धवट, मग नॉर्वेत मासे कापले, स्कीच्या हॉटेलात चादरी बदलल्या, दलदलीत बोरं वेचली, इथे उत्तर स्वीडनमध्ये व्हॅन बंद पडली म्हणून राहिले, तिसरा हिवाळा. वाटलं, आता नको म्हणणार. उलट बाईचा चेहरा खुलला! ‘डोक्यात शिक्षणशास्त्र नाही ना तुझ्या? छान. काढून टाकायला वेळ जाणार नाही.’

दुसरा निरीक्षक मेल्कर. हेडविगचा विद्यार्थी, माझ्यासारखाच दक्षिणेचा, पण इकडे वेस्टरबॉटनला आयुष्यात पहिल्यांदा आलाय. एकावर एक दोन टोप्या घालतो आणि वर्गात गाजर खातो. मला ‘भटके’ म्हणतो. वाईट नाही.

९ जानेवारी

आम्ही इथे का आलोय ते आज कळलं. कळलं नसतं तर बरं.

शाळेचा मुख्याध्यापक उर्बान. शिक्षकांच्या खोलीत कॉफी ओतता ओतता सगळं सांगून मोकळा झाला. पवनचक्क्यांच्या कामावर स्टॉकहोमहून एक कुटुंब आलंय. त्यांचा कास्पर पाचवीत. बाप एक दिवस वर्गात बसला आणि पालिकेला कळवलं — बाई बोलतात, एकही मूल उत्तर देत नाही, वर्गावर पकड म्हणून नाही. पालिकेला निमित्तच हवं होतं. त्यांच्या मनात शिस्तीचा नवा कार्यक्रम आहे. रंगीत कार्डं, गुण, आणि ते चालवायला तयार केलेली नवी शिक्षिका. आमच्या मोजणीत हा वर्ग दक्षिणेतल्या शाळांच्या खाली निघाला की त्या बाईंचा, माय-लिसचा, वर्ग काढून घेणार. मार्चच्या सुट्टीनंतर ती तालुक्याला — बदली शिक्षिका. आज या शाळेत, उद्या त्या. निवृत्तीला आली असताना.

‘आता आकडेच काय ते बोलतील,’ उर्बान म्हणाला. हा स्वतः माय-लिसकडे वाचायला शिकलेला. बर्फ उपसणारा, दुकानदार, नर्स, सगळे तिच्याकडेच शिकलेले. त्यांच्यापैकी कुणी काही बोलायचं नाही. आकडे बोलणार.

११ जानेवारी, गुरुवार

गुरुवार म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. मेल्करने माझा पॅनकेकही खाल्ला, कारण मी भांडत होते.

झालं असं. आज पाचवीत पहिल्यांदाच प्रतिसादही मोजायचा होता, म्हणजे बाईंनी सूचना दिली की पोरं उत्तर देतात की नाही. माय-लिस हळू बोलते, खिडकीशी बोलल्यासारखी. ‘काल राहिलेली गणितं काढूया ना,’ म्हणाली. आणि कास्पर सोडून सगळ्या वर्गाने भुरका मारला. ओठांचा चंबू, आत ओढलेला श्वास — श्शुप्. बशीतली कॉफी भुरकतात तसा. या बाजूला ‘हो’ असंच म्हणतात. शब्द नाही, आवाज नाही, आत घेतलेला वारा फक्त. सोळा पोरांचा मिळून असा आवाज येतो की जणू भिंतीनेच श्वास घेतला. मग वह्या निघतात. कुणी कुणाला सांगत नाही. इतका शांत वर्ग मी माझ्या जन्मात बघितला नाही — आणि मला किती वर्गांतून बाहेर काढलंय ते मलाच माहीत.

तास संपल्यावर कागद शेजारी ठेवले. माझ्याकडे ‘उत्तर दिलं’, ‘उत्तर दिलं’, ‘उत्तर दिलं’. मेल्करकडे निरुत्तर, निरुत्तर, निरुत्तर. आम्ही दोघं एकाच खोलीत बसलो होतो यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

मी म्हटलं, अरे ते हो म्हणताहेत. तो म्हणाला, माहितीय. दुकानातही असंच करतात, पहिल्या दिवशी मला वाटलं बाईला दमा आहे. पण नियमपुस्तिकेत काय लिहिलंय? सूचनेनंतर मोजायचा तो ऐकू येणारा शब्द नाहीतर वर केलेला हात.

मी म्हटलं, मग वह्या काढल्या ते? ते ‘काम’ या रकान्यात. ‘प्रतिसाद’ वेगळा.

मलाही पहिल्या हिवाळ्यात कळत नव्हतंच. दुकानदाराला विचारलं, दूध आहे का? त्याने श्शुप्. मला वाटलं दचकला. परत विचारलं. परत श्शुप्. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने दूध आणून समोर ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की या पोरीच्या घरी कुणी बोलत नसावं. खरंच बोलत नव्हते. ते जाऊ दे.

१२ जानेवारी

दोन निरीक्षकांची जुळणी शंभरात ऐंशीच्या वर असावी लागते. आमची निम्म्यावरही नाही. हेडविगचा फोन.

मी समजावायला लागले तर तिने मधेच तोडलं. म्हणाली, मला शिकवू नकोस, माझी मावशी तिकडचीच, लहानपणी सुट्टीभर मी तेच करायचे, आई चिडायची. मला हायसं वाटलं. चला, कळतंय हिला.

कळतंय, पण उपयोग नाही! दक्षिणेतल्या सगळ्या शाळा याच नियमाने मोजून झाल्यात. इथे नियम बदलला तर तुलनाच संपली. कॅमेऱ्याच्या माईकलाही तो आवाज येत नाही, म्हणजे नंतर कुणी तपासायला बसलं तर पुरावा शून्य. ‘रूना, श्वास म्हणजे शब्द नव्हे. श्वास मोजायला लागलो तर सर्दी झालेलं पोर वर्गात सगळ्यात आज्ञाधारक ठरेल.’

मी हसले. तिने फोन ठेवल्यावर माझाच राग आला. हसायचं काय होतं त्यात?

१७ जानेवारी

माझं पुन्हा प्रशिक्षण. मेल्करच्या खोलीत बसून जुन्या चित्रफिती बघायच्या, खुणा करायच्या, उत्तरपत्रिकेशी ताडायच्या. दक्षिणेतल्या एका वर्गात पोरं ‘हो, हो, हो’ ओरडतात आणि बाकाखाली एकमेकांना लाथा घालतात. प्रतिसाद: उत्तम.

माझ्या दुखण्याला नाव आहे म्हणे. वाहवणं. निरीक्षक एका ठिकाणी जास्त राहिला की त्याचा कान तिथल्या लोकांसारखा होतो, मग तो मोजायच्या कामाचा राहत नाही. हेडविगने अहवालात तसंच घातलंय — निरीक्षक दोन वाहवत गेल्याचं आढळलं, दुरुस्ती चालू.

बाबाही हेच म्हणायचा. वाहवत गेलेली पोरगी. त्याने त्यासाठी विद्यापीठ काढलं नव्हतं एवढंच.

१९ जानेवारी

जुळणी नव्वदच्या वर. दुरुस्त झाले.

२२ जानेवारी

दुरुस्त झालेल्या कानाने वर्गात बसले. माय-लिस विचारते, वर्ग भुरका मारतो, मी लिहिते — निरुत्तर. हाताला सवय लागायला एक दिवसही लागला नाही. मासे कापताना तरी पहिल्या आठवड्यात वाईट वाटायचं.

बाहेर एक डोमकावळा कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडायला शिकलाय. अर्धा तास त्याच्याकडेच बघत होते. मला कुणी मोजत असतं तर ‘ऐकत नाही’च्या रकान्यात गेले असते.

२५ जानेवारी

माय-लिसने घरी बोलावलं, कॉफीला. बोलावलं म्हणजे व्हॅनपाशी येऊन म्हणाली, चीज घरी केलंय. हेच आमंत्रण.

नियमाप्रमाणे जायला नको होतं. काय मोजतोय ते शिक्षकाला कळलं तर त्याचं वागणं बदलतं आणि मोजणी बाद होते. मी गेले. गरम कॉफीत तिने चीजचे तुकडे घालून दिले, चावताना करकरणारे. खूप वेळ दोघी काहीच बोललो नाही. इथे ते चालतं. मग तिने विचारलं, तुझी व्हॅन कधी दुरुस्त होणार? पाना तर तुझ्या हातातच असतो. म्हटलं, होईल उन्हाळ्यात. ती म्हणाली, मागच्या उन्हाळ्यातही तू हेच म्हणालीस. राहा ना, कोण हाकलतंय?

मोजणीबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं — खोटं तरी बोलता आलं असतं.

एक वाक्य. फक्त एक वाक्य सांगायचंय तिला: पोरांना मोठ्याने ‘हो’ म्हणायला लाव. एवढ्याने वर्ग वाचतो. आणि मी चीज चावत बसले.

१ फेब्रुवारी

कास्परची गंमत. गंमत कसली!

तो आला तेव्हा वर्गात एकटाच मोठ्याने ‘हो’ म्हणायचा. म्हणायचा आणि काहीच करायचा नाही. दप्तर बंद, खिडकीबाहेर नजर. आमच्या कागदावर मात्र सगळ्यात गुणी. हल्ली इल्वाशेजारी बसतो. इल्वा म्हणजे ती पेन्सिलीच्या फुलांवाली, शब्दांची चिक्कू. दोघं मिळून काहीतरी कोरत असतात. गणितं वेळेवर होतात त्याची. आणि आज माय-लिसने विचारलं तेव्हा — श्शुप्! जमलं त्याला. जरा ओला निघाला, थुंकी उडाली, इल्वा हसली, तोही हसला.

मी लिहिलं, निरुत्तर.

मेल्करने आठवड्याचा आलेख काढला. कास्परची रेघ खाली, खाली, खाली. ‘बिघडला बिचारा,’ मेल्कर म्हणाला. थट्टेनेच म्हणाला. मग गाजर खाली ठेवलं. शेवटी म्हणाला की मी प्रबंध दक्षिणेतल्या शाळांवरच लिहीन, हा भाग नको. तुला सोयीचं आहे, म्हटलं. हो, म्हणाला. मोठ्याने.

५ फेब्रुवारी

हेडविगकडून आतापर्यंतचा हिशेब आला. प्रतिसादात हा वर्ग सगळ्या शाळांत तळाला. उर्बानने कागद वाचला आणि नाक खाजवत म्हणाला, आश्चर्य आहे, बाहेरून तर शांत वाटतो. अरे तू शिकलास ना त्याच खोलीत! तूही श्शुप् करतोस, आत्ता कॉफी हवी का विचारल्यावर केलंस! तो म्हणाला, हो, पण ते आपलं घरचं झालं.

नवीन शिक्षिकेच्या मुलाखती सुरू झाल्या म्हणे.

७ फेब्रुवारी

सांगितलं.

शाळा सुटल्यावर, कपडे वाळवायच्या खोलीत. माय-लिस पोरांचे ओले हातमोजे कपाटात लावत होती, जोडीजोडीने. मी दार लावलं आणि भडाभडा सगळं ओकले. श्वास धरत नाहीत. शब्द हवा. मोठ्याने हो म्हणायला लाव त्यांना, महिनाअखेरपर्यंत फक्त, मग काय करायचं ते करा. नाहीतर वर्ग जातोय तुझा.

ती हातमोजे लावत राहिली. मग विचारलं,

‘तुला ऐकू येतं का?’

म्हटलं, येतं.

‘मग तू काय लिहितेस?’

मी गप्प. मेल्कर असता तर त्याने खूण केली असती.

तिने शेवटची जोडी लावली, कपाट बंद केलं, आणि घरी गेली. रागावली नाही. रागावायला हवी होती.

९ फेब्रुवारी

काही बदल नाही. तोच भुरका, तीच शांतता. नाही सांगणार ती पोरांना. मला आतून बरं वाटतंय आणि त्याचीच चीड येतेय. ताठ राहिली तर वर्ग जाणार तिचा. माझं काय जातं?

नॉर्वेत लोफोटेनला कॉड माशांचा हंगाम सुरू झालाय. व्हॅन चालू झाली असती तर उद्याच गेले असते.

१२ फेब्रुवारी, सोमवार

वर्गात बसले, हेडफोन लावले. माय-लिस म्हणाली, वाचनाची पुस्तकं काढूया ना. आणि सगळी पोरं —

हो!

मी टिक् चुकवली. मेल्करने माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. माय-लिसने परत विचारलं, परत ‘हो!’ कवायतीसारखं. पोरांना मजा वाटत होती. माय-लिस खिडकीकडे तोंड करून उभी होती.

तासानंतर मेल्कर हळूच म्हणाला, भटके, मला काही विचारायचं नाहीये, आणि तू काही सांगू नकोस. टोप्या घातल्या आणि गेला. भला माणूस. पण भल्या माणसांचा उपयोग एवढाच.

१३ फेब्रुवारी

आज सगळ्यांना सायीचे बन. पोरांच्या नाकाला साय. आवडले का? ‘हो!’ अजून हवा? ‘हो!’ गाणं म्हणूया? ‘हो! हो! हो!’ टागे नावाच्या पोराने बाकावर हात आपटून ठेका धरला. मग दुसऱ्याने. तोंड उघडलं की काय काय बाहेर येतं! माय-लिसला दोनदा ‘शांत’ म्हणावं लागलं. या वर्गात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

प्रतिसाद: उत्तम.

२० फेब्रुवारी

हेडविग खूश. मला वाटलं संशय घेईल, चौकशी करेल, मला हाकलेल. मी सामान बांधून तयार होते. तिने फोनवर स्वतःच कारण दिलं — मोजणी चालू असली की वर्ग सुधारतो, पुष्कळ ठिकाणी असं आढळतं, यावर वेगळा लेख होईल. जुळणीही उत्तम. निरीक्षक दोनची दुरुस्ती यशस्वी झाल्याचं अहवालात टाकते म्हणाली.

म्हटलं, पण वर्ग आता गोंगाट करतो. आधी करत नव्हता.

ती म्हणाली, ते तुझं मत झालं.

२१ फेब्रुवारी

हे लिहायचं नव्हतं. लिहिते.

इल्वाला जमत नाही. सगळे ‘हो’ म्हणतात आणि ही मान खाली घालून श्शुप्. मेल्कर खूण करतो, मी करते. वर्गात एकटी निरुत्तर. सोळा पोरांच्या आरोळीत तिचा भुरका शेजारच्या कास्परलाही ऐकू येत नसेल. आज माय-लिस तिच्या बाकापाशी थांबली. विचारलं, झालं का लिहून? इल्वाने श्वास आत ओढला, वही पुढे केली. सगळं झालेलं, सुबक अक्षरात. माय-लिसने वहीकडे बघितलं नाही. कॅमेऱ्याकडे बघितलं.

‘मोठ्याने, इल्वा.’

पोरगी बघत राहिली. तिला खरंच कळलं नाही काय मागताहेत. तिने उत्तर दिलं होतं ना!

‘मोठ्याने.’

टागे हसला. मग बाकीचे. कास्पर नाही हसला. इल्वाच्या गळ्यातून काहीतरी आलं, खोकल्यासारखं, त्यात ‘हो’ होतं असं धरलं तर धरता येईल. मी धरलं. मेल्करनेही धरलं. जुळणी शंभर.

मग ती डोकं बाकावर ठेवून पडून राहिली आणि हेडफोनमध्ये टिक् होत राहिली. ऐकत नाही. ऐकत नाही. ऐकत नाही.

माझ्याच्याने पुढे बसवेना. बाहेर जाऊन बर्फाला लाथा घातल्या. कुणासाठी केलं मी हे? माय-लिसचा वर्ग वाचावा म्हणून, की मेल्करच्या शेजारी बसून ‘निरुत्तर’ लिहिताना मला लाज वाटायची थांबावी म्हणून? थांबली लाज? नाही थांबली.

२८ फेब्रुवारी

पालिकेची बैठक. हेडविग पडद्यावरून बोलली, उर्बानने वाकून वाकून मान हलवली. हा वर्ग आता दक्षिणेच्या सरासरीच्या बराच वर. कास्परच्या बापाने उठून सांगितलं की बदल त्याला स्वतःला जाणवतोय, मुलगाही घरी नीट उत्तरं देतो आता. शिस्तीचा कार्यक्रम बारगळला. माय-लिसचा वर्ग माय-लिसकडेच.

माय-लिस मागच्या रांगेत कोट घालूनच बसली होती. टाळ्या झाल्या तेव्हा हातमोजे काढले नाहीत.

२९ फेब्रुवारी

कॅमेरे उतरवले, हेडफोन पेटीत टाकले. मेल्कर दुपारच्या बसने गेला. जाताना मला एक टोपी देऊन गेला. व्हॅनला अजून बॅटरी मिळत नाही.

१ मार्च

सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. माय-लिस शाळेच्या पायऱ्यांवरचा बर्फ खरवडत होती. तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, पहिल्यांदाच हातात कागद नसताना. मग विचारलं, आता राहशील ना तू इथेच?

तिने फावडं टेकवलं, माझ्याकडे वळली, आणि परक्या माणसाला सांगतात तसं, तोंड नीट उघडून, मोठ्याने म्हणाली —

‘हो.’